स्ट्रेचरवाल्यांना गिऱ्हाईक नाही

व्याहीबुवांस साष्टांग नमस्कार. (साष्टांग हे कागदावर. प्रत्यक्षात माझे दोन्ही गुडघे संपावर असल्यामुळे उरलेल्या सहा अंगांवर भागवून घ्यावं.) तुमची पाठ कशी आहे? विहीणबाईंचा खोकला गेला की अजून मुक्काम ठोकून आहे? इकडे आम्ही सगळे ठीक आहोत, असं पत्रात लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. तुमची सून दुकानात बसते, वेळेवर जेवते, विचारलं तेवढंच बोलते. तुमची नात, आमची चिमणी, चार वर्षांची झाली आणि तिला प्रश्न विचारण्याचा रोग जडला आहे. त्यावर औषध नाही असं डॉक्टर म्हणाले. तुम्ही आमच्या घरी पाऊल ठेवल्याला चौदा महिने झाले. मी मोजत बसलो नव्हतो. चिमणी बारा सांगत होती, तिला चूक दाखवण्यासाठी मोजले.

पत्र लिहायचं कारण असं की तुम्ही त्या दिवशी मला एक प्रश्न विचारला होता आणि मी उत्तर न देता चहा विचारायला आत निघून गेलो होतो. तुमच्या मुलाची पलटणीतून आलेली ट्रंक उघडली तो दिवस. दोन गणवेश, दाढीचं सामान, चिमणीचा फोटो आणि तुम्हीच त्याला दिलेलं सेलवरचं मनगटी घड्याळ. ते चालू होतं. तुम्ही ते हातात घेतलंत, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलंत, पाच मिनिटं पुढे आहे असं म्हणालात आणि चाळीस वर्षांच्या सवयीने चावी ओढून ते बरोबर लावलंत. मग तुमच्या लक्षात आलं की तो ते मुद्दाम पाच मिनिटं पुढे ठेवत असे, म्हणजे ती पाच मिनिटं त्याने स्वतःच्या हाताने लावलेली होती. तुम्ही घड्याळ टेबलावर ठेवलंत आणि माझ्याकडे वळून ओरडलात, ‘एवढे शिपाई विकता, कधी मेलेला शिपाई ठेवलात का हो काचेत?’ आणि गेलात. तुमचा राग माझ्या दुकानावर होता, माझ्यावर होता, की त्या पाच मिनिटांवर, हे मी आजवर विचारलेलं नाही. पण प्रश्न वाजवी होता. धंद्यातल्या माणसाने त्याचं उत्तर धंद्यातूनच द्यायला हवं. ते देताना माझी जी शोभा झाली ती सविस्तर कळवतो.

आधी धंद्याची गोष्ट समजून घ्या. तुमच्याकडे माणूस घड्याळ दुरुस्तीला आणतो कारण ते बंद पडलेलं असतं. माझ्याकडे येणाऱ्या माणसाचं काहीही बंद पडलेलं नसतं, तरी तो बोटभर उंचीचे शिशाचे शिपाई मागतो, आणि तेही वाटेल तसले नाहीत. घोडेस्वार खपतात. घोडा दोन पायांवर उभा असेल तर हातोहात. बँड खपतो, सेनापती खपतो, झेंडेवाला खपतो. लाल, निळा, पांढरा, सोनेरी झालर हे सगळं चालतं. मातकट रंग चालत नाही, कारण काचेच्या कपाटात तो धूळ बसल्यासारखा दिसतो आणि गिऱ्हाइकाची बायको फडकं मारून बंदुका मोडते. बसलेला शिपाई चालत नाही. उभ्यांच्या रांगेत एक जरी बसलेला ठेवला तर बाकीचे मूर्ख वाटतात. हरलेली फौज चालत नाही. माघारीच्या संचातून लोक तोफ तेवढी घेतात आणि माघार मला परत देतात. एकदा मी ‘छावणीचं स्वयंपाकघर’ नावाचा संच काढला होता. सहा आचारी, कढई, बटाट्याचं पोतं, पोत्यावर बसून बटाटे सोलणारा एक जाडा. (त्याचा चेहरा माझ्यासारखा आहे असं सगळे म्हणाले. योगायोग.) दहा वर्षांत एक विकला गेला, तोही एका खानावळवाल्याला. त्याने जाड्याला गल्ल्यावर ठेवलं आणि बाकीचे पाच आचारी कुठे गेले ते विचारण्याची माझी हिंमत झाली नाही.

अशा अनुभवी माणसाने तुमच्या प्रश्नानंतर महिनाभरात स्ट्रेचरवाल्यांचा संच काढायला घेतला, म्हणजे अक्कल गहाण ठेवली असंच गावातले शौकीन म्हणाले. संचात पाच नग. स्ट्रेचर धरणारे दोघे, स्ट्रेचरवर एक जखमी, औषधाची पिशवी घेतलेला एक, आणि गुडघे टेकून पट्टी बांधणारा एक. (पट्टी बांधणारा हवेला पट्टी बांधतो, कारण जखमी स्ट्रेचरवर आहे. ही चूक मला साचा पुरा झाल्यावर दिसली.) सगळ्यांचा रंग मातकट, एकाच्याही हातात बंदूक नाही, आणि वर एक आडवा. न खपण्याची सगळी लक्षणं एकाच खोक्यात जमवायची तर याहून चांगला संच निघणार नाही. मी चाळीस खोकी भरली.

माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे आमच्या रस्त्यावरचा दातांचा डॉक्टर. त्याच्या दवाखान्यात भिंतभर काचेची कपाटं आहेत आणि त्यात अकराशे शिपाई. दात उपटून घेणाऱ्याला समोर तोफखाना दिसावा ही कल्पना त्याचीच. त्याला मी पहिलं खोकं नेऊन दाखवलं. त्याने ते अगदी प्रामाणिकपणे एका मिरवणुकीच्या कडेला मांडून पाहिलं, लांब जाऊन डोळे बारीक केले, जवळ येऊन पुन्हा पाहिलं आणि पाचही जण खोक्यात भरून मला परत दिले. म्हणाला, माणूस वाईट नाही काढलास, पण एक जखमी ठेवला की बाकीचे अकराशे जखमी व्हायच्या बेतात दिसायला लागतात. शिवाय हे युद्ध फार ताजं आहे. शंभर वर्षांपूर्वीचं असतं तर घेतलं असतं. ताज्या युद्धातला शिपाई कपाटात ठेवला की येणारा प्रत्येक पेशंट आपल्या घरातल्याची गोष्ट काढतो, आणि तोंड उघडं ठेवून बोलता येत नाही. मला त्याचा राग यायला हवा होता. पण व्याहीबुवा, माणूस बरोबर बोलत होता. अकराशे जणांपैकी एकालाही काही होणार नाही, या भरवशावरच तर लोक ते जमवतात. तुम्हाला हवं असलेलं उत्तर ते हेच. काचेत मेलेला शिपाई मी ठेवला नाही, कारण त्याच्याकडे पाहिल्यावर दुसरा कुणी विकत घेववत नाही.

बाकीच्या गिऱ्हाइकांची कारणं याहून किरकोळ. एकाने विचारलं, पुढचा स्ट्रेचरवाला मान वळवून मागे का बघतो? शिपायाने समोर बघायला हवं, मागे बघणारा कुठल्याच रांगेत बसत नाही. दुसऱ्याने विचारलं, याला डोळे का नाहीत? यावर मी ठोकून दिलं की तो मागे बघतोय म्हणून ते दिसत नाहीत. गिऱ्हाईक खोकं फिरवून फिरवून पाहत राहिलं आणि शेवटी शिट्टी वाजवणारा एक हवालदार घेऊन गेलं.

तो मागे का बघतो ते तुम्हाला सांगतो, कारण त्या वेळी तुम्ही जिन्याखाली उभे होतात. लग्नानंतर आपण लेकीचं लोखंडी कपाट तिसऱ्या मजल्यावर चढवलं ते आठवतंय? पुढे तुमचा मुलगा, दोन्ही हात मागे करून धरलेलं. मागे मी. आणि खालून तुम्ही ‘डावीकडे, डावीकडे’ ओरडत होतात, आम्ही दोघं आपापल्या डावीकडे जात होतो आणि कपाट भिंतीत जात होतं. (भिंतीला पडलेली ती खाच अजून आहे. चिमणी तिच्यात पेन्सिली ठेवते.) दर दोन पायऱ्यांनी तो मान वळवून मागे बघायचा आणि विचारायचा, ‘बाबा, टेकवू का जरा?’ त्या दिवशी मला त्याचा भयंकर राग आला होता. मी काय म्हातारा झालोय? दर वेळी मी नको म्हणालो, आणि दर वेळी त्याने दम लागल्याचं सोंग करून स्वतःच टेकवलं. साचा करायला बसलो तेव्हा हात आपोआप तीच मान करत गेले. त्याच्या साहेबांनी पत्रात लिहिलं होतं ना, सगळे जखमी मागे आणून झाले होते, एकजण राहिला आहे असं वाटून हा परत गेला. ते वाचताना मला ती मान दिसली. मला दुसरा स्ट्रेचरवाला काढताच येत नाही.

अजून एक गोष्ट आहे. ती मी तुम्हाला कधी सांगितली नाही, लेकीलाही नाही. तुमचा मुलगा आमच्या दुकानात पहिल्यांदा आला तो काही तिला बघायला नव्हता आला. सुट्टीवर होता, बाहेर वेळ काढत होता. सगळी कपाटं पाहून झाल्यावर त्याने मला विचारलं, काका, आमच्या खात्याची माणसं नाहीत का तुमच्याकडे? मी विचारलं, कुठलं खातं? म्हणाला, स्ट्रेचरवाले. मी हसलो. चांगला मोठ्याने हसलो, आणि म्हणालो, तुमच्या खात्याला मागणी नाही हो. तोही हसला, म्हणाला, तिकडे तर फार आहे. तेवढ्यात लेक चहा घेऊन बाहेर आली आणि पुढचं सगळं तुम्हाला ठाऊकच आहे. लग्नानंतर चार वर्षं तो या घरात येत-जात होता. साचा करायला मला पंधरा दिवस लागतात. त्या चार वर्षांत मला पंधरा दिवस मिळाले नाहीत. वाईट याचंच वाटतं. तुम्ही ओरडलात त्याचं नाही.

असो. वरातीमागून निघालेलं घोडं कोण विकत घेणार? चाळीसपैकी एक खोकं चिमणीने पळवलं. तिच्याकडे मात्र स्ट्रेचरला भरपूर काम आहे. त्यावरून बटणं जातात, मेलेला मुंगळा जातो, एकदा उकडलेला वाटाणा सगळ्या घरभर फिरून माझ्या चपलेत भरती झाला. तिने मला विचारलं, हा मागे का बघतो? मी घसा साफ करत होतो, तेवढ्यात तुमची सून खोक्यांना चिठ्ठ्या चिकटवता चिकटवता म्हणाली, ‘मागचा दमला का ते बघतोय.’ तिला कपाटाची गोष्ट आठवली असं वाटून मी तिच्याकडे पाहिलं. तिने मान वर केली नाही.

दुसरं खोकं टपालाने गेलं. परगावच्या एका गिऱ्हाइकाने मागवलं होतं. नावाऐवजी नुसता टपालपेटीचा नंबर. मी आनंदाने वेडा व्हायचा बाकी राहिलो. आठ दिवसांत पार्सल परत. आत चिठ्ठी : ‘नको.’ एवढंच. बरं, नको तर नको, पण उघडून बघतो तर पाचाचे चार! पुढचा स्ट्रेचरवाला गायब. मागचा बिचारा अर्धं स्ट्रेचर हवेत धरून उभा. आता तुम्हीच सांगा, ही काय रीत झाली? माणसाने घ्यावं तर पुरतं घ्यावं, परत करावं तर पुरतं करावं. एक शिपाई ठेवून घ्यायचा आणि वर ‘नको’ लिहायचं! तीस वर्षांच्या धंद्यात असला चक्रम मी पाहिला नाही.

त्या पार्सलनंतर माझा धीर सुटला. आमच्यात न खपलेला माल परत मुशीत जातो. वितळवायचा आणि त्याचे घोडे करायचे. निम्मे घोडेस्वार आधी कधीतरी आचारी होते. मात्र माझ्या उस्तादांनी घालून दिलेला एक नियम आहे. डोळे सगळ्यात शेवटी ब्रशने काढायचे, आणि एकदा डोळे काढले की तो शिपाई मुशीत टाकायचा नाही. टाकायचाच झाला तर आधी टर्पेंटाइनने त्याचे डोळे पुसायचे. दातवाल्या डॉक्टरला चाळीस जणांचा बँड हवा होता. त्याचे शिपाई ओतून, रंगवून, फक्त डोळे बाकी ठेवून मी कागदात बांधून ठेवले होते. शेजारीच खोक्यांतून काढून तशीच बांधलेली स्ट्रेचरवाल्यांची पुडकी. मी ठरवलं, एकदाचं वितळवून टाकू. पण पुडकं सोडलं तर आतल्या चौघांचे डोळे पुसावे लागणार. ते माझ्याच्याने होईना. म्हणून मी नियम मोडला. ‘स्ट्रेचरवाले’ अशी चिठ्ठी पाहून पुडकी न सोडता, डोळे मिटून, कागदासकट मुशीत टाकली. कागद भडकला, रंग जळाला, धुराने शेजारचा लाँड्रीवाला बादली घेऊन धावत आला आणि त्याने ती माझ्यावर ओतली. धूर निवळल्यावर बघतो तर वरती एक मोठा ढोल अजून अर्धा शिल्लक. स्ट्रेचरवाल्यांत ढोल कुठून आला?

बँड होता तो. चाळीसच्या चाळीस. चिठ्ठ्या लावणारी बाई आमच्या घरात एकच आहे आणि चाळीस खोक्यांत एक चिठ्ठी चुकवणाऱ्यातली ती नाही. तिने चिठ्ठ्यांची अदलाबदल केली होती. ती दारात उभी होती. म्हणाली, ‘बाबा, टॉवेल देऊ?’ मी म्हटलं, दे. एवढंच आमचं बोलणं झालं. डॉक्टर आता मला रस्त्यात दिसला की दातांवर जीभ फिरवतो. माझी एक दाढ हलते आहे, तिला आता कुणाकडे न्यायचं हा नवीनच पेच.

तर सांगायचं तात्पर्य, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी देऊन पाहिलं. काचेत ठेवला, कुणी घेतला नाही. आता बाकीची खोकी मी मुशीत टाकणार नाही. माळ्यावर पडून राहतील. विहीणबाईंना नमस्कार. पाठीला शेक देत जा. चिमणी तुम्हाला ‘घड्याळआजोबा’ म्हणते आणि चेहरा विसरली आहे. कमीजास्त लिहिलं असेल तर मोठ्या मनाने पोटात घाला.

तुमचा,
शिसं ओतणारा व्याही

ता. क. — वर त्या टपालवाल्या गिऱ्हाइकाला चक्रम म्हटलं ते खोडणार होतो, पण पान खराब दिसलं असतं. परत आलेले चारही शिपाई एकेका पातळ पिवळ्या कागदात गुंडाळलेले होते, कागदाच्या टोकाला तीन पीळ. माझं स्वतःचं घड्याळ तुम्ही दुरुस्त करून दिलंत ते तसल्याच कागदात, तसेच तीन पीळ देऊन. चिठ्ठीतला ‘नको’ मी पार्सल उघडलं त्या दिवशीच ओळखला. तो एक तुम्ही ठेवून घेतलात. मला याहून मोठं गिऱ्हाईक कधी मिळालं नाही.

ता. क. दुसरं — तो तुमच्याजवळ आहे म्हणून सांगतो. गिऱ्हाइकांना मी थाप मारली. त्याला डोळे नाहीत कारण मला ते काढता आले नाहीत. चाळीस खोक्यांत बाकीच्या सगळ्यांचे काढले, याचे एकाचेही नाहीत. तीनदा काढले, तीनदा पुसले. त्याच्या एका भुवईत लहानपणीची खोक होती, ती डाव्या भुवईत की उजव्या? फोटोत सावली आहे. लेकीला विचारायचं धाडस होत नाही. तो जिन्यात इतक्या वेळा माझ्याकडे वळून बघत होता आणि मी कपाटाकडे बघत होतो. तुमच्याकडे डोळ्याला लावायचं भिंग आहे, हात स्थिर आहे, आणि तुम्हाला तो चेहरा पाठ आहे. या पत्रासोबत दोन केसांचा ब्रश पाठवतो आहे. एकाचे डोळे काढा. तो बघून बाकीचे मी काढीन. नियमाप्रमाणे मग त्याला कुणी मुशीत टाकू शकत नाही.

ता. क. तिसरं — तुम्ही टेबलावर ठेवून गेलात ते घड्याळ तुमच्या सुनेने त्याच संध्याकाळी पुन्हा पाच मिनिटं पुढे केलं. अजून तसंच चालू आहे. आलात तर हात लावू नका.